सोजराबाईंची मिशी

खंडेरावांच्या तोंडावर जी मिशी होती ती खंडेरावांची नव्हती, सोजराबाईंची होती. खंडेरावांनी ती फक्त वागवायची, तिला तेल लावायचं, पीळ द्यायचा, मालकी आईची. आणि ती काही ओठांवरची रेघोटी नव्हे. ओठांवरून निघून गालांवर पसरलेल्या आणि थेट कानशिलाला जाऊन भिडलेल्या गलमिश्या होत्या त्या. बोईसरच्या बाजारात भाजी घ्यायला गेले तरी भाजीवाला चार मिरच्या जास्त टाकायचा, हा माणूस फौजदार असावा अशा समजुतीनं. वडील वारले तेव्हा रिवाजाप्रमाणे खंडेरावांनी डोकं आणि मिशी उतरवली होती. ती पुन्हा फुटायला लागली तशी सोजराबाईंनी लेकाची हनुवटी धरून सांगितलं, "आता ही माझ्या नावाची. म्या जिती हाय तवर हिला वस्तरा लागायचा न्हाय. ज्या दिशी लावशील त्या दिशी आय मेली म्हनून समज."

आई बोलली आणि लेकानं ऐकलं. लेकाला तेवढंच काम चांगलं यायचं. माढ्याकडचं गाव सोडून तो तारापूरच्या कारखान्यांत आला, एका केमिकल कंपनीत ऑपरेटर म्हणून चिकटला, हाताला अक्कल होती, वर चढला असता. पण प्लांटमध्ये गॅसचा मास्क घालावा लागे आणि तो मास्क त्या मिश्यांवर काही केल्या बसेना. साहेब म्हणाले, एक तर मिशी ठेव नाही तर मशीन. खंडेरावांनी मिशी ठेवली आणि गेटवर वॉचमन झाले. बरोबरची माणसं पुढे सुपरवायझर होऊन स्वतःच्या गाडीतून यायला लागली आणि हे मिशीला पीळ देऊन त्यांना सलाम ठोकत राहिले. त्यांच्या बायकोनं, पुष्पलतानं, तेव्हा एकदाच म्हटलं होतं की केसच तर आहेत, परत उगवतील. त्या रात्री सासू जेवली नाही आणि नवऱ्यानं ताट भिंतीवर फेकलं. पुष्पलता पुन्हा त्या वाटेला गेली नाही.

लोक म्हणायचे, कसा श्रावणबाळ आहे. श्रावणबाळाच्या बायकोला कोणी विचारलं नव्हतं.

म्हातारपण आलं तसं खंडेरावांचं हृदय ढिलं पडलं. एक झटका येऊन गेला, डॉक्टरांनी मीठ तोडलं आणि अंगातलं पाणी काढायच्या गोळ्या दिल्या. पुष्पलता अळणी भाजी करायची. सोजराबाई ती चाखायच्या, तोंड वाकडं करायच्या आणि सून पाठमोरी झाली की लेकाच्या ताटात चिमूटभर मीठ टाकायच्या. "बिनमिठाचं खाल्लं की बाप्या मुळमुळीत हुतो," असं त्यांचं शास्त्र होतं. नव्वदीला टेकलेली बाई, पण चिमूट कधी चुकली नाही. आणि गोळ्यांचं म्हणाल, तर बाहेर जायचं असेल त्या दिवशी खंडेराव त्या घेतच नसत. एवढ्या मिश्यांच्या माणसानं रस्त्यात आडोसा शोधत पळायचं म्हणजे शोभत नाही.

सोजराबाई माढ्याला लेकीकडे गेल्या होत्या, नातीच्या पोराच्या बारशाला. पुष्पलताचा मुलगा भाग्येश त्यांना घेऊन गेला होता. जाताना त्या लेकासाठी लोणच्याची बरणी भरून ठेवून गेल्या. पुष्पलताला वाटलं, चला, आठवडाभर तरी घरात मीठ आपल्या हातचं राहील. तिला बरणीचा पत्ता नव्हता. एका सकाळी चहाचा कप हातातून सुटला आणि खंडेराव भिंतीला धरून उभे राहिले. दम वर वर चढायला लागला. छातीत घरघर, अंगाला दरदरून घाम, ओठ जांभळे. शेजारच्या नीलेशनं रिक्षा आणली, बोईसरच्या डॉक्टरनं बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि रुग्णवाहिकेतून पालघरला धाडून दिलं.

पालघरच्या हॉस्पिटलात खंडेराव खाटेच्या कडेला पाय खाली सोडून, पुढे ओणवून बसले. आडवं केलं की ते बुडणाऱ्यासारखे हात मारत. तोंडाला गुलाबी फेस येत होता. डॉक्टर तेजल म्हणून तरुण पोरगी होती, तिनं नळ्या लावल्या, इंजेक्शनं टोचली आणि हात चालू ठेवूनच पुष्पलताला सांगितलं, "काकू, यांच्या हृदयाला रक्त पुढे ढकलता येत नाहीये. ते मागे साचलं आणि फुप्फुसांत पाणी उतरलं. इंजेक्शन लागू पडेपर्यंत दम टिकायला हवा. हे मशीन मास्कमधून दाबानं हवा देतं. त्या दाबानं पाणी मागे हटतं आणि हृदयावरचं ओझंही हलकं होतं. घशात नळी घालावी लागत नाही. फक्त मास्क चेहऱ्याला घट्ट बसायला हवा."

जागृती नावाच्या नर्सनं मास्क लावला. नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा, कडेला मऊ रबर, मागे पट्टे. मशीन सुरू झालं आणि फुर्र्र करून सगळी हवा दोन्ही बाजूंनी मिश्यांमधून बाहेर पडली. गालावरचे केस फडफडायला लागले. मशीन ओरडायला लागलं. जागृतीनं पट्टे आवळले, मग आणखी आवळले, मग मोठा मास्क आणला. हवा खंडेरावांच्या डोळ्यांत जात होती, कानांत जात होती, फक्त छातीत जात नव्हती.

"मिशी काढा," तेजल म्हणाली. "गोमाला बोलवा."

गोमा हा वॉर्डातला जुना माणूस, मनोरकडच्या एका पाड्यावरचा. ऑपरेशनच्या आधी पेशंटचे केस काढायचं काम त्याचं. तो वस्तरा आणि पाण्याचा वाडगा घेऊन आला. आणि ज्या खंडेरावांना मघाशी पाण्याचा पेला उचलवत नव्हता, त्यांनी गोमाचं मनगट असं पकडलं की वाडगा खाली सांडला. मान जोरजोरात हलवली. "आई," ते म्हणाले. दम घेतला. "आई हाय... माझी."

जागृतीला वाटलं, आजारी माणूस आईला हाक मारतोय. तिला कळवळा आला. पुष्पलताला कळवळा आला नाही. तिला त्या शब्दांचा अर्थ माहीत होता.

"ते शुद्धीत आहेत आणि नको म्हणताहेत," तेजल म्हणाली. "मी बळजबरी करणार नाही. मग एकच रस्ता उरतो. झोपवून घशात नळी घालायची. या हृदयाला ते झेपेल का, मला सांगता येत नाही. नळी घातली तर ती निघेल का, तेही नाही. तुमचं ऐकतील. समजवा, पण लवकर."

तुमचं ऐकतील! पुष्पलताला त्या स्थितीतही हसू आलं असतं. ती नवऱ्यासमोर खाली बसली, त्यांचे थंडगार गुडघे धरले. म्हणाली, अहो, उगवेल परत. म्हणाली, आत्याबाईंना मी सांगेन, त्यांचे पाय धरेन. म्हणाली, भाग्येशचं लग्न व्हायचंय अजून. सासूला ती आत्याबाई म्हणायची, आणि नवऱ्यापुढे हात जोडायची सवय तिला होतीच, तेही जोडले. खंडेरावांनी डोळे मिटून घेतले आणि मान हलवली. नाही.

तेव्हा तिच्या पोटातून जे वर आलं ते रडू नव्हतं, संताप होता. या माणसाला तिच्यासाठी जगायचं नव्हतं, आईच्या शब्दासाठी मरायला मात्र तो तयार होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ डोळ्यांदेखत जळत होता आणि पीळ गालांवर फडफडत होता. आपलं कुंकू पुसलं जाणार आणि म्हातारी माढ्याहून येऊन छाती बडवणार, की बघा माझ्या लेकानं शेवटपर्यंत शब्द पाळला.

गोमाचं मनगट अजून खंडेरावांच्या मुठीतच होतं, दुसऱ्या हातात वस्तरा धरून तो तसाच उभा होता. त्याला त्या माणसाचं म्हणणं कळत होतं. हळूच म्हणाला, "बाई, घरात कोनी गेला का काय तुमच्या? आमी तं तवाच काढतो. कोनी मेला नाय न् जित्या मानसाची मिशी काढाची, मंग तो नायच बोलनार."

पुष्पलता उठली. नवऱ्याच्या कानाशी तोंड नेलं आणि स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, आत्याबाई गेल्या. पहाटे गेल्या. भाग्येशचा फोन आला होता. तुम्हाला सोसायचं नाही म्हणून मी बोलले नाही."

खंडेरावांनी डोळे उघडले. बायकोकडे बघितलं. दम तसाच चढत होता, घरघर तशीच होती, पण नजर स्थिर झाली. गोमाच्या मनगटावरची बोटं एकेक करून सुटली. आणि मग कोणी न सांगता त्यांनी आपली हनुवटी वर केली.

गोमानं आधी कात्रीनं आणि मग वस्तऱ्यानं भराभर काम उरकलं. मधे मधे जागृती ऑक्सिजन नाकाशी धरत होती. पांढऱ्या केसांचे पुंजके मांडीवर पडले, आणि खाली जो चेहरा निघाला तो पुष्पलतानं लग्नापासून पाहिला नव्हता. लहान ओठ, मऊ जिवणी. हा माणूस असा दिसतो, याचंच तिला नवल वाटलं. मास्क बसला. फुर्र थांबलं, मशीनचं ओरडणं थांबलं आणि हवा एकदाची आत गेली. खंडेराव सुरुवातीला झगडले, जागृती म्हणत राहिली, काका, मशीन देतंय तो श्वास घ्या, भांडू नका. हळूहळू त्यांनी भांडण सोडलं. घाम सुकला. ओठांवर रंग आला. दुपारपर्यंत लघवीवाटे कितीतरी पाणी बाहेर पडलं आणि ते उशांना टेकून झोपले.

तेजलनं पुष्पलताला बाहेर बोलावलं. "खरंच गेल्या का त्या?"

"नाही. बारशाला गेल्यात."

तेजल हसली नाही. तिनं दारातून आत झोपलेल्या खंडेरावांकडे बघितलं. मग म्हणाली, "आत्ता सांगू नका. यांना धक्का बसला आणि बीपी एकदम चढलं तर पुन्हा असंच पाणी भरेल. जरा सावरू दे, मग मी असताना हळूहळू सांगू."

पुष्पलतानं भाग्येशला फोन केला. वडील वाचले, सांगितलं, आणि बजावलं की आजीला यातलं काही कळू देऊ नकोस, तिला तिथंच ठेव. भाग्येश म्हणाला, "आई, आजी शेजारीच बसलीय. तिनं सगळं ऐकलं. ती पिशवी भरायला लागलीसुद्धा."

"थांबव तिला."

"तिला? मी?" भाग्येश म्हणाला. पुष्पलताला त्याचं खोटं वाटलं नाही. ज्या म्हातारीला त्याच्या बापानं कधी थांबवलं नाही तिला हा काय थांबवणार. "सांग तिला, डॉक्टर भेटू देत नाहीत. काहीही सांग. चार दिवस काढ," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला. आता तिला धास्ती एकच होती. म्हातारी दारात उभी राहायच्या आत नवरा खरं ऐकण्याइतका धडधाकट व्हायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी मास्क थोडा थोडा वेळ काढायला लागले. खंडेराव बोलायला लागले तेव्हा पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो असा: "अग्नी कुनी दिला?"

"भाग्येशनं," पुष्पलता म्हणाली. एक खोटं जन्माला घातलं की त्याची बाळंतपणं काढावीच लागतात.

"जाताना काय म्हनली?"

"म्हणाल्या, खंडूला जपा."

खंडेरावांनी मान हलवली. "न्हाय. तसं म्हननारी न्हवं ती." मग छताकडे बघत राहिले. पुष्पलता वाट बघत होती, आता रडतील, आता छाती दाबून धरतील. तिनं जागृतीला हाक मारायची तयारी ठेवली होती. खंडेरावांनी लांब, भरून श्वास घेतला, सोडला आणि म्हणाले, "सुटलो."

तिला वाटलं, आपलं ऐकण्यात काही चुकलं.

"लई छळलं गं म्हातारीनं," ते म्हणाले. आवाज बसका होता, पण त्यात लाज नव्हती. "उठलो की भ्या, बसलो की भ्या. तुला म्हनून सांगतो. रोज देवाला हात जोडायचो तवा एकच मागायचो. हिला ने. लोकास्नी वाटायचं, आईसाठी मागतोय. आईसाठीच मागत हुतो म्हना." आणि ते हसले, पलीकडच्या खाटेपाशी उभ्या असलेल्या जागृतीलाही दिसेल असे. उघड्या ओठांचं ते हसू पुष्पलतानं पहिल्यांदाच पाहिलं.

पुष्पलताच्या अंगावर काटा आला, हे खरं. पण काटा ओसरल्यावर आत जे उरलं ते सुख होतं, हेही खरंच. सोयीपुरतं सत्य सांगणाऱ्या गोष्टींतली ही गोष्ट नव्हे. म्हणजे तो हनुवटी वर करणारा माणूस दुःखानं हरलेला नव्हता! त्याला दरवाजा उघडून मिळाला होता. आणि त्या दरवाजातून जो माणूस बाहेर आला तो तिला आवडायला लागला. तो अळणी खिचडी खायचा आणि ब्येस झालीय म्हणायचा. तो तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा पुष्पा म्हणाला, तेही जागृतीसमोर. तिच्या हातावर हात ठेवून त्यानं विचारलं, "दातिवऱ्याला जायचं का गं? समुद्र बघू. हितं उभा जन्म काढला आन् एकदा न्हाय गेलो. आय म्हनायची, खारं पानी काय बघायचं, डोळ्यात न्हाय का." पुष्पलता म्हणाली, जाऊ. बोंबील खायचे नाहीत पण. ते म्हणाले, न्हाय खानार, तू म्हनशील तसं.

तू म्हणशील तसं! हे शब्द ऐकायला ती एवढी वर्षं उपाशी होती. तेजलनं एकदा वाटेत विचारलं, सांगायचं का आज, बीपी बरं आहे. पुष्पलता म्हणाली, उद्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली, उद्या. तिला माहीत होतं की आता ती नवऱ्याच्या प्रकृतीला भीत नाही, आपलं चार दिवसांचं राज्य संपेल याला भिते. खाटेशेजारच्या स्टुलावर बसून ती मनातल्या मनात म्हणायची की म्हातारी वाटेतच आटोपली तर किती लोकांचं भलं होईल. विचार वाईट होता. तिनं तो दिवसातून अनेकदा केला.

म्हातारी आटोपली नाही. सकाळच्या भेटायच्या वेळेला वॉर्डच्या दारात काठी वाजली आणि भाग्येशच्या खांद्याला धरून सोजराबाई आत आल्या. डोक्यावर पदर, कपाळावर गोंदण, काखेत पिशवी. भाग्येशनं आईकडे बघून हात हलवले, मी काय करू म्हणून. पुष्पलता उठून मधे यायच्या आत म्हातारी खाटेच्या पायथ्याशी पोचली होती.

तिनं लेकाचा चेहरा बघितला. नीट, सावकाश, गालापासून गालापर्यंत बघितला. मग विचारलं, "कोन मेलं रं?"

खंडेरावांच्या हातातला खिचडीचा चमचा तसाच राहिला. मेलेली आई समोर जिवंत उभी बघून माणूस काय करतो? आनंदानं ओरडतो, भीतीनं ओरडतो, काहीतरी करतो. खंडेरावांनी आधी आडवा हात ओठांवर धरला, चोरी लपवावी तसा. आणि मग तोच हात बायकोकडे केला.

"हिनं," ते म्हणाले. "म्या न्हाय, आई. हिनं केलं. तू मेलीस म्हनून सांगितलं हिनं. म्या नगं नगं म्हनत हुतो, इचार कुनाला बी. तुला मारून बसली ही. हिला तू कवाच नगं हुतीस."

काय दम होता त्या बोलण्यात! एकही शब्द अडला नाही. ज्या बाईनं तो श्वास परत आणून दिला होता तिच्याच अंगावर तो सगळाच्या सगळा खर्चून टाकला. गरज सरो नि वैद्य मरो, एवढंच. पुष्पलताला वाटलं, आता तरी हा माणूस डोळ्यांनी काही खूण करेल, की हे म्हातारीपुरतं आहे, आपलं आपण नंतर बघू. तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं. तिथे फक्त आईची भीती होती, दुसऱ्या कशाला जागाच नव्हती.

"घरी चल, मग बघते हिच्याकडं," सोजराबाई म्हणाल्या आणि काठी टेकवून स्टुलावर बसल्या, पुष्पलताच्या स्टुलावर.

"आई, तू म्हनशील तसं," खंडेराव म्हणाले. "हिला म्हायेरी धाडू. तू म्हनशील तसंच करू."

भाग्येश "बाबा" म्हणाला, पण कोणी त्याच्याकडे बघितलं नाही. कारण खंडेरावांचं वाक्य संपलं आणि त्यांना पुढचा श्वास लवकर मिळेना. त्यांनी आणखी काही बोलायचा प्रयत्न केला, ठसका लागला, चमचा खाली पडला. घाम. घरघर. जागृती धावत आली, बीपीचा पट्टा गुंडाळला आणि आकडा बघून तिनं तेजलला हाक मारली. पुन्हा तेच पाणी, धक्क्यानं वर चढलेलं. तेजलनं इंजेक्शन भरता भरता पुष्पलताकडे एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. मास्क आला. गुळगुळीत गालांवर तो पहिल्या झटक्यात बसला, कुठून म्हणून हवा सुटली नाही. खंडेराव मशीनशी भांडले आणि मग घेऊ लागले.

"आता यांना अजिबात बोलू द्यायचं नाही," तेजल म्हणाली. "मास्क काढतील, हात जातो तिकडे. कोणीतरी हात धरून बसा. बाकीच्यांनी बाहेर व्हा." भाग्येश बाहेर गेला. सोजराबाई हलल्या नाहीत आणि त्यांना उठवायची कोणाची छाती झाली नाही. जागृती मशीनपाशी होती, तेजल दुसऱ्या पेशंटकडे गेली.

पुष्पलता खाटेच्या दुसऱ्या अंगाला बसली. तिनं नवऱ्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. खंडेरावांचे डोळे तिच्याकडे वळले आणि आता त्यांत विनवणी होती, की सोडून जाऊ नकोस. जीव जायला लागला की बायकोची आठवण येते या जातीला. ती त्यांच्याकडे बघून किंचित हसली. मग सासूकडे वळून, शांतपणे, दोन्ही बाजूंना ऐकू जाईल असं म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही मेलात असं मी सांगितलं, ही माझी चूक. पण ते ऐकून तुमचा लेक काय म्हणाला, तेही ऐका."

खंडेरावांची मान गदागदा हलली. नळी हलली, मास्क हलला नाही.

"म्हणाला, सुटलो. हनुवटी स्वतः वर केली त्यानं, गोमाला विचारा. म्हणाला, लई छळलं म्हातारीनं. म्हणाला, रोज देवापुढे हात जोडून एकच मागायचो, हिला ने. आणि हसला. या जागृतीनं बघितलंय हसताना."

जागृती मशीनकडे बघत राहिली. मास्कच्या आत खंडेराव काहीतरी बोलत होते, पण हवेच्या दाबापुढे शब्द बाहेर येत नव्हते, प्लास्टिकवर नुसती वाफ धरत होती. त्यांचा मोकळा हात मास्ककडे गेला. पुष्पलतानं तोही धरला आणि खाली दाबला. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, बाई नवऱ्याला किती जपते. तिनं खरंच जपलं होतं. आता ती म्हातारीकडे बघत होती. त्या सुरकुतलेल्या तोंडावर एकदा तरी काही तुटताना दिसावं, एवढीच तिची मागणी होती, आणि ते बघायला मिळालं असतं तर ती त्याच पावली माहेरी गेली असती.

सोजराबाईंनी पदराच्या टोकानं नाक पुसलं. पिशवी मांडीवर नीट ठेवली.

"ठावं हाय की मला," त्या म्हणाल्या. "देव्हाऱ्याम्होरं काय पुटपुटतो ते आयकू यील एवढं कान शाबूत हायेत माजं. बारका हुता तवापासनं ठावं हाय. म्हनून तर मरत न्हाय म्या."

मग त्यांनी स्टूल पुढे ओढलं आणि लेकाचा एक हात सुनेच्या हातातून काढून आपल्या हातात घेतला. खंडेरावांनी डोळे गच्च मिटले. त्यांनी श्वास रोखून धरायचाही प्रयत्न केला, पण मशीन चालू होतं आणि ते त्यांना श्वास देत राहिलं.